पोल आपोआप येतो

आमच्या सरांच्या डाव्या चपलेची टाच वर्षातून दोनदा झिजायची. उजवी तशीच नवी. कारण सर शिकवताना चालत नसत, फिरत. डावी टाच फरशीवर रोवायची आणि उजव्या पायानं स्वतःला ढकलत जागच्या जागी गोल वळायचं. तेही कायम घड्याळाच्या उलट दिशेनं, कारण गणितात कोन तसा मोजतात. मुलं मागून त्यांना परकार, म्हणजे वर्तुळं काढायचा कंपास, म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही होतं, हे त्याहून वाईट.

त्यांचा क्लास बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्याच्या मागच्या गल्लीत, एका पावरलूमच्या वरच्या मजल्यावर होता. खाली दिवसभर माग चालायचे. खडखडाट एवढा, की माठावर उपडा ठेवलेला पेला थरथरत कडेपर्यंत यायचा आणि कोणीतरी तो परत मध्ये सरकवायचं. गावात इतक्या शांत खोल्या असताना हीच का घेतली, असं माझे वडील मला क्लासला घालायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं. सर म्हणाले, "ज्याला शिकायचंय त्याला ऐकू येतं." ज्याला काही सांगायचंय त्याचं काय, हे पप्पांनी विचारलं नाही. ते विचारणं माझं काम होतं, आणि मी विचारणाऱ्यांतली नव्हते.

खोली लांबट, आयताकृती होती. सरांना आयत सहन होत नसे. त्यांनी फरशीवर ऑइलपेंटनं एकाबाहेर एक अशी चार वर्तुळं काढून घेतली होती, मधोमध लाल ठिपका, आणि ठिपक्यापासून दर तीस अंशांवर एक पिवळी रेघ. ठिपक्यावर ते स्वतः. बाकी आम्ही सगळे वर्तुळांवर सतरंज्या टाकून, त्यांच्याकडे तोंड करून. फळ्याला चाकं होती. सर वळले की पहिल्या वर्तुळातला एक मुलगा तो ढकलत त्यांच्यासमोर आणून उभा करायचा. हे काम त्या मुलानं मागून घेतलं होतं. त्याच्याबद्दल पुढे येईल.

खोली आयताकृतीच राहिली. चार कोपरे उरले. एकात झाडू, एकात कूलर, एकात सरांच्या मागच्या दहा-बारा वर्षांच्या नोट्सचे गठ्ठे, आणि एकात काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, लोणच्याच्या बरण्या. घरात जागा नाही म्हणून काकूंनी त्या इथं आणून ठेवल्या होत्या. कोपरा उरलाय म्हटल्यावर सरांना नाही म्हणता येईना, कारण त्यांच्या मते कोपरा नावाची वस्तूच त्या खोलीत नव्हती. चौथं वर्तुळ तर मोडलेलंच होतं. रुंदीच्या बाजूला भिंती आडव्या यायच्या, म्हणून त्याचे दोनच तुकडे शिल्लक होते. एक तुकडा दारात, तिथं कोणी बसू शकत नसे. दुसरा अगदी मागं, माठाजवळ. तिथं मी.

ज्यांनी गणित केव्हाच सोडलं त्यांच्यासाठी सांगते. कोणतीही जागा सांगायच्या दोन रीती आहेत. एक, आडवं इतकं जा, मग उभं इतकं जा. आपण रस्ता सांगतो तशी. ती आयताकृती रीत. सर तिला कार्तीय म्हणत आणि म्हणताना नाक मुरडत. दुसरी रीत म्हणजे एका जागी उभं राहायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या: किती लांब आणि कोणत्या कोनात. अंतराला आर, कोनाला थीटा. ही ध्रुवीय रीत. ज्या जागी उभं राहायचं तो ध्रुव, इंग्रजीत पोल. एका रीतीतलं समीकरण दुसरीत नेणं, म्हणजे आयताकृती समीकरण ध्रुवीय करणं, हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला आठ-दहा पानांचा भाग आहे. सरांनी त्यावर आयुष्य काढलं.

"कावळा कार्तीय नसतो," असं ते म्हणायचे. "कावळ्याला विचारा असीरगड कुठंय. तो वळणं सांगणार नाही. इतकं लांब, या बाजूला. खलास."

असीरगडावर कावळ्याला काय काम असेल, हे कोणी विचारत नसे.

ही रीत वाईट नाही. मला ती अजूनही आवडते. वर्तुळासारख्या वळणाच्या गोष्टी तिच्यात फार सोप्या होतात. पण सर सगळंच ध्रुवीय करत. x = 3 ही बिचारी एक उभी सरळ रेषा. ती सर अशा थाटात r = 3 sec θ करून ठेवत, की साध्या माणसाला उगाच वकील लावून दिल्यासारखं वाटे. आणि ध्रुवीय रीतीत एक सोय आहे, ती त्यांना बरोबर कळली होती: जग मोजायला सुरुवात तुम्ही उभे असता तिथून होते.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी पाहिली आहे. तिच्यावर हॉलचं नाव बारीक अक्षरात, आणि खाली ठळक: शनवारा गेटपासून सातशे मीटर, तीनशे पंधरा अंश. गणितात कोन पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट मोजतात, म्हणजे ही जागा आग्नेयेला आली. पाहुण्यांना हे कुठून माहीत असणार? जळगावकडच्या मंडळींनी मोबाईलवरचं होकायंत्र उघडलं. ते मोजतं उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेनं. तीनशे पंधरा अंश म्हणजे वायव्य, बरोबर उलट टोक. लग्नसराईत आमच्या गावात कोणत्याही दिशेला सातशे मीटर गेलं की एक मांडव लागतोच. ती माणसं तिथं गेली, अहेर दिला, जेवली, नवरीला आशीर्वाद दिला, आणि मग एका मावशीला वाटलं की नवरीचा बाप फार बदललाय. काकू हे सांगताना हसायच्या आणि डोळे पुसायच्या. सर म्हणायचे, "चूक त्यांची. संकेत लक्षात घ्यायला पाहिजे होता."

क्लासात कोणालाच नाव नव्हतं. हजेरी अशी घ्यायचे: "दोन, साठ!" आणि दुसऱ्या वर्तुळातला, साठ अंशांच्या रेघेवरचा मुलगा हजर म्हणायचा. दर शनिवारी परीक्षा. चांगले मार्क पडले तर एक वर्तुळ आत, वाईट पडले तर बाहेर. पंखा एकच होता, लाल ठिपक्याच्या बरोबर वर, आणि त्याचा वारा जेमतेम पहिल्या वर्तुळापर्यंत यायचा. बुऱ्हाणपूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला या व्यवस्थेत अभ्यास का व्हायचा ते कळेल. मुलं भेटली की एकमेकांना विचारायची, "तुझा आर किती चालूये?"

माझा आर चार. थीटा दोनशे सत्तर. दोन वर्षं तोच. मार्क वाईट नव्हते. बऱ्याच शनिवारी सगळ्यांत जास्त असायचे. पण आत जायचं तर लेखी मार्कांनंतर सरांच्या एका प्रश्नाचं उत्तर उभं राहून, तोंडी, खालच्या मागांच्या वरच्या पट्टीत द्यावं लागे. मी उभी राहायचे, ओठ हलवायचे, सर कानामागं हात धरायचे, सगळं वर्तुळ माझ्याकडे वळायचं, आणि मी खाली बसायचे. शिवाय मी इंग्रजी शाळेतून आलेली. 'कार्तीय' हा शब्द मी पहिल्या दिवशी वहीत 'कार्तिक' असा लिहिला होता आणि तो कोणा शास्त्रज्ञाचं नाव असेल असं समजले होते. सर इंग्रजी शाळेतल्या मुलांबद्दल म्हणत, "हे थीटा असं म्हणतात, जसा तोंडात गरम बटाटा धरलाय."

आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

x² + y² = 4x हे समीकरण घ्या. ध्रुवीय करताना डावीकडे आरचा वर्ग येतो आणि उजवीकडे चार आर कॉस थीटा. दोन्हीकडे एकेक आर सारखा. सर डाव्या टाचेवर एक पूर्ण चक्कर मारायचे आणि म्हणायचे, "आर उडव!" पहिलं वर्तुळ एका सुरात ओरडायचं, "उडवला!" उरलं r = 4 cos θ. सुंदर, सुटसुटीत.

पण उडवला म्हणजे आरनं भागलं. आणि शून्यानं भागायचं नसतं हे आपल्याला पाचवीत सांगतात. आर शून्य कुठं असतो? पोलवर. म्हणजे भागाकार करताना आपण पोल वगळला, तो मूळ समीकरणात असून. ही शंका दरवर्षी कोणीतरी काढायचंच. सर खूश व्हायचे. थीटा नव्वद अंश धरायला लावायचे. कॉस नव्वद शून्य, म्हणून आर शून्य, म्हणजे वक्र फिरत फिरत स्वतःच पोलवर येऊन गेला. काही हरवलं नाही. मग ते वाक्य:

"पोल आपोआप येतो."

मागच्या भिंतीवर ते रंगवून घेतलेलं होतं. त्यांच्या नोट्सच्या प्रत्येक पानाखाली छापलेलं होतं. पुस्तकांत जी गणितं देतात, परीक्षेत जी येतात, त्या सगळ्यांत हे खरं ठरतं, कारण ती बहुतेक पोलमधून जाणाऱ्या वर्तुळांचीच असतात. त्यामुळे इतकी वर्षं कोणी अडवलं नाही. सर भाजीबाजारातही ते वाक्य वापरत. मुलगा बापाशी भांडून पुण्याला गेला म्हणून कोणी रडत आलं, की सर म्हणत, पोल आपोआप येतो. काय समजायचं ते त्यानं समजायचं.

एका जूनमध्ये सरांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकातून एक नवं समीकरण काढून आणलं. (x² + y² − x)² = 4(x² + y²). फळ्यावर ते लिहून झाल्यावर त्यांनी खडूची भुकटी अशी झटकली, की जणू शिकार करून आणली. ध्रुवीय केलं. दोन्हीकडे आरचा वर्ग निघाला. "आर उडव!" "उडवला!" शेवटी उरलं r = 2 + cos θ. सरांनी वक्र काढला: उजवीकडे फुगलेला, डावीकडे किंचित चेपलेला, एका बाजूनं दबलेल्या लाडवासारखा. आणि मधोमध पोल, वक्रापासून सगळीकडून लांब.

मी माठाजवळ बसून मूळ समीकरणात एक्स शून्य, वाय शून्य घालून पाहिलं. डावीकडे शून्य. उजवीकडे शून्य. म्हणजे पोल या समीकरणात बसत होता. पण दोन अधिक कॉस थीटा कधी शून्य होत नाही. कॉस फार तर उणे एकपर्यंत उतरतो, आर एकच्या खाली जात नाही. वक्र कितीही फिरला तरी पोलवर येत नव्हता. तो बिंदू एकटा मध्ये राहिला होता आणि सरांनी तो भागून टाकला होता.

दोन वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून हात वर केला. सर फिरत माझ्या कोनावर आले, थांबले. मी म्हणाले, "सर, इथं पोल येत नाही."

खाली माग चालू होते. सरांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा म्हणाले. कोणीतरी हसलं.

"जोरात," सर म्हणाले. "अगं जोरात. मुकी आहेस का?"

सगळे हसले, आणि मी म्हणाले, "काही नाही, सर." हे मात्र त्यांना बरोबर ऐकू गेलं.

त्या दिवसापासून हजेरीत "चार, दोनशे सत्तर" गेलं आणि "मुकी" आलं. क्लासात ज्याला स्वतःचं नाव मिळालं अशी मी एकटीच. सर ते दुष्टपणानं म्हणत नसत. खुर्चीला खुर्ची म्हणावं तसं म्हणत. एकदा इतवाऱ्याच्या बाजारात आई बरोबर असताना भेटले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची मुकी हुशार आहे हं." आईनं हातातली मेथी परत ढिगावर ठेवली. म्हणाली, "तिला नाव आहे." सर म्हणाले, "असेल ना," आणि आम्हाला मेथी कुठं चांगली मिळते ते सांगू लागले: इथून चाळीस पावलं, एकशे वीस अंश.

पुढं मी एम.एस्सी. केलं, घरी बसून, परीक्षेपुरती कॉलेजात जाऊन. मग नोकरी शोधायला लागले. मला शिकवायचं होतं. लोकांना हे विनोदी वाटायचं, आणि आहेही. पण गणित शिकवताना काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं. वाढदिवसाला जमलेल्या माणसांत तसं नसतं. दोन शाळांनी मला नमुना पाठाला बोलावलं आणि दोन्हींनी एकच सांगितलं: विषय पक्का आहे, आवाज लहान आहे. तिसरी शाळा लालबागेकडची. गावात अकरावी-बारावीला गणिताची जागा तेवढी एकच उरली होती. पप्पांचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे, पाईप, जॉइंट, फिल्टर. त्यांचे गुडघे गेले होते. ते रागावून नाही, सरळ म्हणाले, "एक वर्ष दिलं. या दिवाळीपर्यंत झालं तर आनंद आहे. नाहीतर काउंटरला बस. तिथंही मोजमापच आहे." काउंटरला बसणं म्हणजे सकाळपासून खेड्यांतून आलेल्या माणसांशी, रस्त्यावरच्या ट्रकांच्या वर आवाज काढून बोलणं. मी पंधरा दिवस आरशासमोर पाठ घेतला.

शाळेत गेले तर विषयतज्ज्ञ म्हणून समोर आमचे सर.

वर्गात एकूण तिघं. प्रिन्सिपल मॅडम मुद्दाम शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, माझा आवाज तिथवर येतो का ते बघायला. फळ्याजवळ सर. बाहेरच्या बाकावर पुढचा उमेदवार थांबला होता, तोच फळा ढकलणारा. मी सरळ रेषेचा पाठ तयार केला होता. सर म्हणाले, सरळ रेषा कोणीही शिकवेल, ध्रुवीय घ्या. ते त्या शाळेच्या अभ्यासक्रमात नव्हतंच. मॅडमनी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही, पण माणूस कळतो."

मला जमण्यासारखं होतं. दोन वर्षं दुसरं केलं काय होतं? मी x² + y² = 4x लिहिलं. ध्रुवीय केलं. आवाज बरा निघत होता, माग नव्हते ना. दोन्हीकडे आर आला. आता आर उडवायचा, थीटा नव्वद धरायचा, ते वाक्य म्हणायचं, आणि नोकरी. मी हे सगळं नीट बघत होते. पाठ संपायला तीन मिनिटं होती आणि माझ्या लक्षात आलं की मला ही नोकरी मिळणार आहे.

तेवढ्यात सर मॅडमकडे वळून हसून म्हणाले, "आमच्याकडे हिचं नाव मुकी. चल मुकी, सांग मॅडमना. पोल कसा येतो?"

मी डस्टर घेतलं आणि वर्तुळाचं समीकरण पुसलं. तिथं ते दुसरं समीकरण लिहिलं, जे चार वर्षं माझ्या वहीत होतं. ध्रुवीय केलं, आर उडवला, वक्र काढला. मध्ये एक ठिपका दिला. आणि म्हणाले, "सर, इथं शून्य, शून्य घाला."

सरांनी मनातल्या मनात शून्य घातलं. गणित त्यांना येत होतं, तेवढं मी त्यांना देते. एकदा घातलं, पुन्हा घातलं. मग त्यांनी डावी टाच रोवली आणि वळले. घड्याळाच्या दिशेनं. मी त्यांना तसं वळताना कधीच पाहिलं नव्हतं. अर्धं वळून थांबले, पडतात की काय असं वाटलं.

"पोल आपोआप येत नाही," मी म्हणाले. "तो आधी बघावा लागतो. भागायच्या आधी."

मॅडमनी विचारलं, "सर, बरोबर आहे का?"

सरांनी समीकरण पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "हे परीक्षेत विचारत नाहीत." मग म्हणाले, "मॅडम, मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ती आता शेवटी जे बोलली ते तुम्हाला मागं ऐकू आलं का?"

मॅडम सभ्य बाई होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं सांगू बेटा? नाही आलं."

सर खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना हजार गोष्टींमधून नेमकी एक खरी गोष्ट सापडली, आणि ती त्यांनी माझ्या अंगावर टाकली. फॉर्मवर शेरा होता: ज्ञान उत्तम, आवाजाची त्रिज्या कमी. नोकरी फळा ढकलणाऱ्याला मिळाली. त्याचा आवाज चांगला आहे. "उडवला" ओरडून ओरडून मोकळा झालेला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मी दुकानाच्या काउंटरला बसले.

त्याला आता तीन वर्षं झाली. सरांचा क्लास अजून तिथंच आहे. मी त्या गल्लीनं जात नाही. लांबून, दोन वळणं घेऊन जाते. अगदी कार्तीय. काकूंची एकदा दुकानात भेट झाली, तेव्हा म्हणाल्या, भिंत रंगवून घेतली. मागच्या भिंतीवरचं ते वाक्य काढलं का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्यांना गच्चीवरच्या कुंड्यांसाठी नळी हवी होती, ती दिली.

गेल्या आठवड्यात निंबोल्याचा एक केळीवाला शेतकरी जॉइंट घ्यायला आला. तो बाहेर ट्रॅक्टरशी काही करत होता. बरोबर त्याची मुलगी होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली. तिनं काउंटरवर स्पायरलची वही टेकवली आणि वाट बघत गणित सोडवायला लागली. पानांचा तो पिवळट कागद मी दहा फुटांवरून ओळखला असता. सरांच्या नोट्स, नवी आवृत्ती. मी उलटं वाचत होते. पानाखाली ते वाक्य नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं: आरने भागण्याआधी मुकी तपासा.

मी विचारलं, "मुकी म्हणजे काय गं?"

"पॉइंट आहे, दीदी," ती म्हणाली. "हे बघा ना. सगळा वक्र बाहेरून फिरून राहिला, आणि ही एकटी मध्ये. समीकरणात असते, पण कोणाशी जुडत नाही. आर उडवला की जाते. सर रोज ओरडतात, मुकी राहिली, मुकी राहिली. एक मार्क काटतात."

तिनं पान माझ्याकडे फिरवलं. दोन अधिक कॉस थीटा. तो चेपलेला लाडू. मध्ये जाड काळा ठिपका. मी पानभर शोधलं. एका विद्यार्थिनीनं दाखवून दिलं, एवढं तरी कुठं असेल. नव्हतं. वर 'लेखकाचे विशेष निरीक्षण' असं मात्र होतं. माझा शोध स्वतःच्या नावावर, आणि मला दिलेली शिवी शोधाचं नाव म्हणून. गावातली शंभरेक मुलं दरवर्षी मला शोधतात आणि न सापडल्यास मार्क घालवतात. याला काय म्हणावं? चोराची लाज म्हणावी तर त्यानं माल दारात मांडलाय.

मुलगी पेन्सिलीनं ठिपक्याखाली दाखवत होती. तिथं त्याचा पत्ता छापला होता: शून्य, दोनशे सत्तर अंश.

"दीदी, तुम्हाला येतं का हे?" ती म्हणाली. "मला एक समजून नाही राहिलं. पोलवर आर शून्य. मग कोन कोणताही चालतो ना? तीस लिहा, नव्वद लिहा. मग सरांनी दोनशे सत्तरच का लिहिलं?"

"कोणताही चालतो," मी म्हणाले. "सरांना नाही विचारलं?"

"विचारलं ना. म्हणाले, ती तिथूनच आली होती."

मी वही बंद करून तिला परत दिली. चार वर्तुळांच्या पलीकडे बसलेल्या मला हे सांगायला एक रस्ता ओलांडून दुकानात यावं लागलं असतं. तेवढं सरांना झालं नाही. निंबोल्याच्या मुलीला सांगितलं.

बाहेरून तिचे वडील ट्रॅक्टरच्या आवाजात काहीतरी विचारत होते. सोळा एमएमचे जॉइंट आहेत का, असं असावं. मी जागेवरून न उठता सांगितलं, आहेत, किती पाहिजेत. रस्त्यापलीकडे चहा पीत उभ्या असलेल्या दोघांनी माना वर केल्या.